पाटकऱ्याची नोकरी

जलसंधारण म्हणजे आज पदव्या, प्रकल्प आणि नेमणुकांचे क्षेत्र. त्याचा इतिहास सांगताना सुरुवात बहुधा 1972च्या दुष्काळापासून होते. पण पाणी वाटण्याचा पगारी पेशा खानदेशात त्याच्या कितीतरी आधीपासून होता. पांझरा, मोसम, गिरणा या नद्यांवरच्या बंधाऱ्यांतून पाटाने पाणी येई. भिजणाऱ्या जमिनीचे फड पाडलेले असत आणि एका फडात एकच पीक घेतले जाई. बहुतेकांच्या पट्ट्या निरनिराळ्या फडांत विखुरलेल्या असत, त्यामुळे टंचाईत एखादा फड कोरडा ठेवला तरी झळ सगळ्यांना बसे. पाण्याला हात लावायचा तो मात्र पाटकऱ्यानेच. शेतमालकाने बांधावर उभे राहण्याचीही गरज नसे; पाटकरी रात्री-अपरात्री चारी फोडून एकेक शेत भिजवत पुढे सरके. राखणीला जागल्या, देखरेखीला हवालदार. मोबदला धान्यात मिळे. थोडक्यात, शेवटच्या शेताला पाणी पोचले नाही तर जाब विचारणारे आणि मेहनताना देणारे एकच होते.

इंग्रजी अमदानीत हे नाते तुटले, आणि माझ्या मते या पेशाची खरी कलाटणी तीच. 1854 मध्ये पुण्यात सुरू झालेल्या अभियांत्रिकी शाळेचा हेतू सार्वजनिक बांधकाम खात्याला माणसे पुरवण्याचा होता. तिथून घडलेला अभियंता धरण बांधी, कालवा आखी, आणि जबाबदार असे तो खात्याला. स्वातंत्र्यानंतरही मान बांधणाऱ्यालाच राहिला. बांधकामात तयार झालेल्या अभियंत्यांना पाणी वापरायचे कसे हे शिकवण्यासाठी 1980 मध्ये औरंगाबादेत ‘वाल्मी’ ही संस्था उभारावी लागली, यातच सगळे आले.

यावर कोणी म्हणेल, फड म्हणजे काही शेतांचा कारभार; जायकवाडीसारखे धरण पाटकऱ्याच्या अंदाजावर चालत नाही. खरेच आहे. पाणलोटाचा हिशेब, सांडव्याची क्षमता ही शिकलेल्याचीच कामे. शिवाय फडात पाणी जमिनीला मिळे, भूमिहीनाला नव्हे; जुन्या व्यवस्थेला सोवळी ठरवण्याचे कारण नाही. पण या दोन्ही आक्षेपांना विलासराव साळुंखे यांच्या कामात उत्तर सापडते. ते स्वतः अभियंता आणि कारखानदार. 1972च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात नायगावला त्यांनी पाणी पंचायत उभी केली. पाणी जमिनीवर नव्हे, माणशी: दरडोई अर्ध्या एकरापुरते, भूमिहीनालाही हक्क, उसाला बंदी, आणि खर्चाचा काही वाटा लाभधारकांचा. अभियंत्याचे गणित तिथे होतेच, आणि रोजच्या वाटपाला लाभधारकांनी नेमलेला पाटकरीही होता. शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाच्या 2005च्या कायद्याने पाणी मोजून पाणीवापर संस्थेच्या हवाली करायचे आणि आतले वाटप तिने करायचे असे ठरवले, तेव्हा सरकारनेही हेच मान्य केले. तरीही जलसंधारणात करिअर करू पाहणाऱ्या मुलाला आपण अजून आधी बंधाऱ्याचा आराखडाच काढायला लावतो.