थप्पी आणि मांडणी

धान्य पिकविणे हे शेतीचे निम्मे काम होय. पिकलेले धान्य पुढील हंगामापर्यंत राखणे हे उरलेले निम्मे; आणि इतिहासाकडे पाहिले असता असे दिसते की, दुसरे काम पहिल्याहून सोपे कधीच नव्हते. गोंदियासारख्या धानाच्या मुलखात तर या प्रश्नाचे महत्त्व विशेष आहे. वैनगंगेच्या खोऱ्यातील हा झाडीपट्टीचा प्रदेश मालगुजारी तलावांच्या आधाराने शतकानुशतके धान पिकवीत आला. 1 मे 1999 रोजी भंडारा जिल्ह्यातून गोंदिया हा स्वतंत्र जिल्हा निघाला, तेव्हाही त्याची ओळख धान व भातगिरण्या हीच होती. असा माल ठेवावयाचा कसा, एकावर एक रचून की खणाखणांतून मांडून, हा प्रश्न वरवर पाहता हमालांचा व कारकुनांचा वाटतो; वस्तुतः त्यात शेतकऱ्याच्या वर्षभराच्या श्रमाचे मोल गुंतलेले असते.

प्रत्येक घरात या दोन्ही पद्धती नांदत असतात. स्वयंपाकघरातील डबे मांडणीवर असतात, कारण गृहिणीला हळद हवी असता मिठाचा डबा हलवावा लागू नये. तांदळाची पोती मात्र कोपऱ्यात एकावर एक असतात, कारण ती सर्व एकाच जातीची असून कोणतेही काढले तरी काम भागते. वखारीचे सर्व शास्त्र बीजरूपाने या दोन गोष्टींत सामावलेले आहे.

आता जुन्या व्यवस्थेकडे वळू. कापणी झाली की झाडीपट्टीत धानाच्या भाऱ्यांचे पुंजणे रचीत. कणसे आत आणि बुडखे बाहेर ठेवून, माथा निमुळता करून रचलेले पुंजणे अवेळी आलेला पाऊस अंगावरून ओघळून देते. मळणीनंतर धान कणगीत जाई. कणगी बांबूच्या कामट्यांची विणलेली, आतून-बाहेरून शेणमातीने लिंपलेली आणि दगडांवर उचलून ठेवलेली असे. हेतू हा की, जमिनीची ओल वर चढू नये व उंदराला बुडातून वाट मिळू नये. मातीच्या कोठीला वरून तोंड व तळाशी लहानसे भोक असे. वरून नवे धान्य ओतावे आणि खालून जुने काढावे, म्हणजे आधी आलेले आधी खर्ची पडते. आजचे वखारशास्त्र ज्या नियमावर उभे आहे, तो नियम या मातीच्या कोठीला ठाऊक होता. पठारावरील कोरड्या भागांत लोक जमिनीत पेव खणीत; पण धानाच्या बांध्यांतील ओलसर जमिनीला पेव मानवण्यासारखे नव्हते. म्हणजे साधनाची निवड प्रथमपासूनच माल व जमीन पाहून होत असे.

घरच्या कोठीचेच मोठे रूप म्हणजे राजसत्तेचे कोठार. पन्हाळगडावरील अंबरखान्याच्या गंगा, यमुना आणि सरस्वती या तीन कोठ्या आजही उभ्या आहेत. 1660 साली सिद्दी जौहरने या गडाला वेढा घातला व तो कित्येक महिने चालला. अशा प्रसंगी गडाचे आयुष्य तटबंदीइतकेच कोठारावर अवलंबून असे. छतातील झरोक्यांतून धान्य ओतण्याची सोय त्या इमारतींत आहे. पाटण्याचा गोलघर 1786 साली बांधला गेला, तोही याच कल्पनेवर: 145 पायऱ्या चढून माथ्यावरून धान्य ओतावयाचे व तळाच्या दारांनी काढावयाचे. मात्र त्याची दारे आत उघडणारी केली गेली, त्यामुळे कोठार भरले की दार उघडणे दुर्घट, अशी त्याची अपकीर्ती झाली. काढण्याचा विचार न करता साठविण्याचा विचार केल्यास काय होते, याचा हा उत्तम धडा होय. शिवछत्रपतींनी राज्याभिषेकाच्या सुमारास चिपळूणकडील लष्कराच्या अंमलदारांना लिहिलेले पत्र प्रसिद्धच आहे. दाणा व गवत पावसाळाभर पुरेल अशा बेताने वापरावे, आणि उंदराने दिव्याची पेटती वात ओढून नेऊन गवताच्या गंजीला आग लागू नये म्हणून सावध असावे, असे त्यात बजावले आहे. साठ्याची राखण ही केवळ कारकुनी बाब नाही, हे राज्यकर्त्याने इतक्या बारकाईने जाणलेले दिसते.

गोंदियाच्या बाबतीत खरे स्थित्यंतर आगगाडीने घडविले. नागपूरपासून छत्तीसगडकडे टाकलेला लोहमार्ग 1882 पर्यंत राजनांदगावला पोहोचला. 1887 साली स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने तो ताब्यात घेऊन रुंद मापाचा केला. पुढे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात गोंदियाहून नैनपूरमार्गे जबलपूरकडे जाणारा अरुंद मापाचा मार्ग तयार झाला. दोन मापांचे रूळ जेथे भेटतात तेथे डबा पुढे जाऊ शकत नाही; माल उतरवून दुसऱ्या डब्यात चढवावा लागतो. मग चढउतार आली, हमाल आले, आणि गाडी येईपर्यंत माल ठेवण्यास वखारीची गरज आली. सुटे धान पायली-कुडवांनी मोजून कणगीत ओतण्याचे दिवस व्यापारापुरते संपले. तागाचे पोते हे मालाचे नवे माप झाले. पोत्यांबरोबर थप्पी आली.

थप्पी ही केवळ रास नव्हे. एका थरातील पोती आडवी, तर त्यावरील थरातील उभी, अशी बांधणी घातली म्हणजे सर्व थर एकमेकांस धरून राहतात. तळाशी लाकडी चौकटी अथवा चटया अंथरावयाच्या, भिंतीपासून माणूस फिरेल इतके अंतर सोडावयाचे, आणि दोन थप्प्यांमध्ये वाट ठेवावयाची. नीट रचलेल्या थप्पीची लांबी, रुंदी व उंची यांतील पोती मोजून गुणाकार केला की साठा कळतो. चोरी झाली तर आकारच बिघडतो. सरकारी कोठारांतून सुमारे 30 फूट लांब व 20 फूट रुंद थप्पी प्रचारात आली.

पण गोंदियाच्या बाजारात केवळ धान नव्हते. तेंदूची पाने आणि लाख हेही या जंगलपट्टीचे मोठे जिन्नस. धानाच्या दाण्यावर तुसाचे कवच असते. वरच्या पोत्यांचे ओझे ते सहज सोसते. तेंदूचे पान वाळले की ठिसूळ होते, म्हणून पुड्यांवर पाणी शिंपून ती बोऱ्यांत भरावी लागतात. ओल अधिक झाली तर बुरशी आणि कमी झाली तर चुरा. लाखेचा, विशेषतः चपड्याचा, स्वभाव आणखी निराळा. उन्हाळ्याच्या उष्म्यात वरून दाब पडला तर पापुद्रे एकमेकांस चिकटून त्यांचा गोळा बनतो. म्हणून लाखेची थप्पी उंच करून चालत नाही. तिला थंड जागा व अल्प भार हवा. एकाच गावातील तीन जिन्नस वखारदाराला तीन निरनिराळे नियम शिकवीत होते. माल ओझे सोसतो काय, त्याला वारा किती हवा, आणि त्यातील आधी बाहेर जावयाचा भाग कोणता, हेच ते तीन प्रश्न.

1943 च्या बंगालच्या दुष्काळाने साठवण हा राष्ट्राचा प्रश्न आहे हे निष्ठुरपणे पटविले. 1954 साली प्रसिद्ध झालेल्या ग्रामीण पतपुरवठा पाहणी समितीच्या अहवालाने पतपुरवठा, विक्री आणि वखार यांची सांगड घालण्याची शिफारस केली. त्यानुसार 1956 साली कायदा झाला. 1957 साली केंद्रीय वखार महामंडळ स्थापन झाले व राज्याचे वखार महामंडळही त्याच वर्षी आले. 1965 साली भारतीय अन्न महामंडळाची स्थापना झाली. वखारीची पावती तारण ठेवून कर्ज काढता येते, ही यातील शेतकऱ्याच्या दृष्टीने सर्वांत मोलाची गोष्ट. हंगामाच्या तोंडी भाव पडलेले असताना विकण्याची सक्ती त्यामुळे टळते. परंतु पावतीची पत ही आतील मालाच्या स्थितीइतकीच असते. थप्पी बुडातून कुजली, तर कागदाला किंमत राहत नाही.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्याने लाकडी पाटांवर माल रचून तो यंत्राने उचलण्याची पद्धत सर्वत्र रूढ केली, आणि तिच्या पाठोपाठ वखारीत लोखंडी मांडणी पसरली. उभे खांब, त्यांना जोडलेल्या आडव्या तुळया, आणि तुळयांवर मालासह ठेवलेले पाट, असे तिचे रूप. साध्या मांडणीत प्रत्येक पाटाला स्वतंत्र वाट असते. हवा तो माल इतरांस न हलविता निघतो. पण फोर्कलिफ्ट यंत्र वळण्यास सुमारे 3 ते 3.5 मीटर रुंदीची वाट लागते, आणि वखारीची बरीच जमीन वाटांतच जाते. दुसऱ्या प्रकारात यंत्र मांडणीच्या आत शिरते. जागा वाचते, पण शेवटी ठेवलेला माल प्रथम निघतो आणि जुना आत अडकतो. तिसऱ्या प्रकारात उतरत्या रुळांवरून पाट आपोआप पुढे सरकतात. आधी आलेला आधी निघतो, मात्र खर्च मोठा. हा तिसरा प्रकार म्हणजे आपल्या मातीच्या कोठीचाच लोखंडी अवतार होय.

मग धानाला मांडणी का नको? कारण धानाचे सहस्रावधी कट्टे एकाच जातीचे असतात. त्यांना प्रत्येकी वाट देणे म्हणजे जागा व पैसा यांचा अपव्यय. शिवाय कीड मारण्यासाठी थप्पीवर आवरण घालून, कडा जमिनीशी दाबून, आत विषारी धुरी काही दिवस कोंडावी लागते. एकसंध थप्पीला हे जसे साधते तसे वाटांनी विभागलेल्या मांडणीला साधत नाही. याउलट बियाण्यांच्या अनेक जाती, गिरणीच्या यंत्रांचे सुटे भाग, औषधे, निरनिराळ्या तांदळाच्या लहान पिशव्या, यांना मांडणीच योग्य. तेथे एक जिन्नस काढण्यासाठी दहा हलविणे परवडत नाही. मांडणी घेताना खांबांचे ओझे फरशी पेलते काय, आणि प्रत्येक खणाची भारमर्यादा किती, हे आधी पाहिले नाही तर अपघात ओढवतो.

तथापि गोंदियात अनेक हंगामांत याहूनही आधीचा प्रश्न उभा राहिला: छताचाच. खरेदी झालेल्या धानाची भरडाई लांबली की कट्टे उघड्यावर पडून राहतात. सरकारी खरेदीत धानातील ओलाव्याची मर्यादा 17 टक्के आहे; दीर्घकाळ साठविण्यास मात्र तो 14 टक्क्यांच्या आसपास असावा लागतो. हा फरक वाळवून भरून न काढता त्यावर अवकाळी पाऊस पडला, तर धान तापते, काळे पडते, कोंब धरते. 100 किलो धानातून 67 किलो तांदूळ मिळावा हा सरकारी हिशेब अशा धानाला लागू पडत नाही. छत नसेल तेथे निदान उंच ओटा, त्यावर लाकडी चौकटी, उतरत्या माथ्याची थप्पी व घट्ट बांधलेले आवरण एवढे तरी हवेच. पुंजण्याला निमुळता माथा देणाऱ्या शेतकऱ्याला हे नव्याने सांगावयास नको.

सारांश, थप्पी श्रेष्ठ की मांडणी, असा वाद निरर्थक आहे. मालाला आधी प्रश्न विचारावेत व साधन मागाहून निवडावे. आणि हे सर्व धान कापणीस येण्यापूर्वी करावे. कणगी लिंपण्याचे काम पूर्वी मळणीच्या आधी उरकले जाई. खळ्यावर रास पडल्यानंतर कणगी शोधणारा गृहस्थ गावात शहाणा गणला जात नसे.