साचा, सोऱ्या आणि फुंकर : प्लास्टिक घडवण्याची गोष्ट



सुरुवातीलाच एक विनंती करतो. तुमच्यापैकी कोणाच्या शेजारची खुर्ची रिकामी असेल, तर ती उलटी करून बघा. बसायच्या भागाच्या खाली, साधारण मधोमध, बोटाला लागेल असा एक बारीक उंचवटा असेल. सापडला? ही त्या खुर्चीची बेंबी. वितळलेलं प्लास्टिक इथून साच्यात शिरलं आणि पाय, पाठ, हात अशी अख्खी खुर्ची एका दमात तयार झाली. कारखान्यात या जागेला गेट म्हणतात.

मी जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं. वडप्याचं आमंत्रण आलं तेव्हा मी गीतेवर बोलेन, असं संयोजकांना वाटलं असणार. (हशा) पण नाशिक रस्त्यावरून येताना दोन्ही बाजूंना गोदामंच गोदामं दिसतात. आत क्रेट, पॅलेट, ड्रम, बाटल्या, प्लास्टिकच्या दाण्याच्या पंचवीस-पंचवीस किलोच्या गोण्या. जे तुमच्या दारावरून रोज जातं-येतं, त्याचा विचार करायला तत्त्वज्ञानाने लाजायचं कशाला?

छांदोग्य उपनिषदात उद्दालक आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, तीन उदाहरणं देतो : माती, सोनं, लोखंड. आकार बदलले, नावं बदलली, तरी मूळ द्रव्य तेच. हे मी कित्येक वर्षं वर्गात शिकवलं. पण एक साधी गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. सोन्याची बांगडी आटवून पुन्हा सोनं होतं. भाजलेला घडा फुटला तर त्याची पुन्हा माती होत नाही, खापरी होते. म्हणजे काही आकार परतीचे असतात, काही बिनपरतीचे. प्लास्टिकची पहिली विभागणी नेमकी हीच आहे.

हे मला पुस्तकाने नाही, एका विद्यार्थ्याने शिकवलं. दिवसा मोल्डिंगच्या कारखान्यात काम आणि रात्री कॉलेज, असा तो मुलगा होता. त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं नव्हती. नग कमी पडत होते म्हणून मशीनची जाळी उघडी ठेवून माल काढत होता, साचा मिटला. नाव-गाव सांगत नाही. पण आज मी जे सांगणार आहे, त्यातलं बरंचसं त्याचं आहे.

आता इतिहासाकडे येऊ. प्लास्टिक बाहेरून आलं, हे खरं. पण ते घडवण्याच्या रीती आपल्या ओळखीच्याच होत्या. लाख घ्या. ऊब दिली की मऊ, थंड झाली की कडक, पुन्हा ऊब दिली की पुन्हा मऊ. लाखेच्या बांगड्या याच गुणावर होतात. बालगंधर्वांच्या, अब्दुल करीम खाँसाहेबांच्या जुन्या तबकड्यासुद्धा लाखेच्या मिश्रणाच्या. गरम लगदा दोन साच्यांमध्ये दाबला की त्यावर गाणं उमटायचं. खव्याचा मोदक साच्यात दाबतो ना आपण, तसंच. ही दाबायची रीत, कॉम्प्रेशन मोल्डिंग.

विजेचे उद्योग वाढले तशी लाखेची मागणी वाढली, कारण ती वीज अडवते. लाख जायची मुख्यतः आपल्या देशातून आणि ती महाग होती. तिला पर्याय शोधताना अमेरिकेत स्थायिक झालेल्या लिओ बेकलंड या बेल्जियन रसायनशास्त्रज्ञाने १९०७ मध्ये बॅकेलाइट बनवलं. आपल्या जुन्या घरातली काळी बटणं, काळे टेलिफोन आठवा. हे साच्यात उष्णता आणि दाब देऊन एकदा पक्कं झालं की पुन्हा वितळत नाही. तापवलं तर करपतं. हा भाजलेला घडा.

दुसरी रीत इंजेक्शनची, म्हणजे आपल्या खुर्चीची. हस्तिदंताच्या बिलियर्ड चेंडूंना पर्याय हवा होता. त्यातून अमेरिकेतला जॉन हायट सेल्युलॉइडकडे वळला आणि १८७२ मध्ये हायट बंधूंनी ते साच्यात ढकलणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. यंत्र साधं, मोठ्या पिचकारीसारखं. १९४६ मध्ये जेम्स हेन्ड्री याने पिचकारीच्या दट्ट्याच्या जागी फिरणारा स्क्रू आणला. दाणा वरच्या हॉपरमधून पडतो, स्क्रू त्याला पुढे नेता नेता मळतो, वितळवतो आणि साच्यात दाबतो. मग थांबायचं. एका नगाच्या वेळातला मोठा हिस्सा थंड होण्यात जातो. वितळणं यंत्राच्या हातात आहे, पण निवायला निसर्गाचा वेळ लागतो. माझ्या विद्यार्थ्याची बोटं गेली ती याच काही सेकंदांच्या घाईत. एका तुकड्यातली प्लास्टिकची खुर्ची १९७२ मध्ये फ्रान्समध्ये आंरी मासोने याने बाजारात आणली आणि ती जगभर पसरली. आज आपल्याकडे लग्न, सभा, दशक्रिया यांतलं काहीच तिच्याशिवाय होत नाही.

तिसरी रीत तर प्रत्येक घरात आहे. सोऱ्या. ताटली बदलली की शेव, चकली, कुरडई. पीठ तेच, भोक ठरवतं काय बाहेर येणार ते. याला एक्स्ट्रूजन म्हणतात. पाइप असाच निघतो, न संपणाऱ्या शेवेसारखा. जळगावला भवरलाल जैन यांनी १९८० मध्ये पीव्हीसी पाइप सुरू केले आणि पुढे त्यांची कंपनी ठिबक सिंचनात उतरली. ठिबकची नळी कापून बघा. नळी सोऱ्याची, आत चिकटलेला ड्रिपर इंजेक्शनचा. दोन रीती एका नळीत नांदतात आणि त्यातून थेंब थेंब पाणी केळीच्या मुळाशी जातं.

आणि भिवंडीकरांनो, सोऱ्याची ताटली केसाइतक्या बारीक भोकांची केली तर? तुमच्या यंत्रमागावरचा पॉलिएस्टरचा धागा! १९४१ मध्ये इंग्लंडमध्ये व्हिनफिल्ड आणि डिक्सन यांनी तो शोधला. टेरीकॉटची पॅन्ट ज्यांनी घातली आहे, त्यांनी ही शेवच अंगावर घातली आहे. (हशा)

पाण्याची बाटलीही याच पॉलिएस्टरची. ती होते चौथ्या रीतीने, फुंकरीने. काच फुंकणारे कारागीर हे हजारो वर्षं करत आले. आधी इंजेक्शनने परीक्षानळीसारखी जाड नळी करतात, तिला प्रीफॉर्म म्हणतात. झाकणाचे आटे त्यावर आधीच असतात. ती तापवून, साच्यात धरून, ताणून हवा भरली की बाटली. पेटच्या अशा बाटलीचं पेटंट नॅथॅनिएल वायेथ याला १९७३ मध्ये मिळालं. रिकाम्या बाटल्या ट्रकने नेणं म्हणजे हवेचं भाडं भरणं. म्हणून प्रीफॉर्म प्रवास करतात आणि बाटली फुगते पाणी भरायच्या जागेजवळ.

गच्चीवरची काळी टाकी मात्र दाबून होत नाही, फुंकूनही नाही. साच्यात पूड घालून तो भट्टीत दोन अंगांनी सावकाश फिरवतात. तव्यावर तूप फिरवून पसरवतो तसं प्लास्टिक आतून सगळीकडे लागतं.

राहिली शेवटची, सोऱ्या आणि फुंकर एकत्र. गोल फटीतून पॉलिथिनची नळी वर निघते, आत हवा भरतात, घरभर उंचीचा फुगा वर चढतो, वर तो चपटा करून गुंडाळतात. ही फिल्म. पिशवी, आवरण, पॅलेटभोवती गुंडाळायचा कागद. पॉलिथिन स्वतः १९३३ मध्ये इंग्लंडच्या एका प्रयोगशाळेत जवळजवळ अपघाताने सापडलं.

आता मला जे म्हणायचं आहे, ते म्हणतो. दुधाच्या पिशवीचं पॉलिथिन आणि काळ्या टाकीचं पॉलिथिन, कूळ एकच. दोन्ही वितळतात, दोन्ही सोन्याच्या बाजूची, परतीची. मग टाकी तीस वर्षांनीही भंगारवाला पैसे देऊन का नेतो आणि पातळ पिशवी ओढ्यात का राहते? माझा विद्यार्थी म्हणाला होता, "सर, भंगारवाला प्लास्टिक बघत नाही, वस्तू बघतो." पातळ फिल्म हलकी, लगेच मळते, किलोभर गोळा करायला दिवस जातो. धारावीच्या तेरा कंपाउंडमध्ये माणसं वाजवून, जाळून, वास घेऊन प्लास्टिक ओळखतात. ते कौशल्यसुद्धा या पातळपणापुढे हरतं. परत येण्याची शक्यता द्रव्यात होती, आकाराने ती काढून घेतली.

म्हणूनच बघा, आपला कायदा मायक्रॉनमध्ये बोलतो. पिशवीची किमान जाडी केंद्राच्या नियमांत २०११ मध्ये ४० मायक्रॉन, २०१६ मध्ये ५०, २०२१ मध्ये ७५ आणि २०२२ च्या अखेरीपासून १२०. महाराष्ट्राने तर २०१८ मध्ये पिशव्यांवर बंदीच आणली. जाडी हा द्रव्याचा गुण नाही, आकाराचा आहे. उद्दालकाला नाव आणि आकार वरवरचे वाटले. द्रव्याचं ज्ञान हवं असेल तर त्याचं बरोबर आहे. पण वस्तूचं पुढे काय होणार, हे विचारायचं असेल तर आकार वरवरचा राहत नाही. मीसुद्धा वर्षानुवर्षं "प्लास्टिक वाईट" एवढंच बोलत आलो. ते आळशी वाक्य होतं.

तुमच्याशी याचा संबंध काय? गोदामात माल उतरला की पॅलेटवरची फिल्म सोलून निघते. एका घरात निघते ती मूठभर, मळकी. इथे निघते ती ढीगभर, कोरडी, स्वच्छ, एकाच जातीची. फिल्मला परत जाण्याची संधी कुठे असेल तर ती इथे आहे. आणि संध्याकाळी गोदामांच्या मागे तीच जळताना दिसते. घडा फुटला तर निदान खापरी उरते. जाळलेल्या फिल्मचा धूर तुमच्या पोरांच्या छातीत उरतो. ती ओली होऊ न देता वेगळी बांधून ठेवली तर विकली जाते. एवढं करता येण्यासारखं आहे.

उलटी केलेली खुर्ची तेवढी सरळ करून जा.