भीमगीतांची रात्र आणि परवान्याचा कागद

विहाराच्या वर्धापनदिनी आपण जागेचा, बांधकामाचा, दानशूरांचा इतिहास सांगतो. पण ज्या गाण्याने बाबासाहेबांचा विचार चुलीपर्यंत नेला, त्या गाण्याला सरकारदरबारी काय काय सोसावे लागले, हे सहसा कोणी लिहीत नाही. म्हणून हे दोन शब्द.

आपल्या गाण्याचे मूळ आंबेडकरी जलशात. भीमराव कर्डकांसारख्या शाहिरांनी गावोगाव जलसे केले. ढोलकी, तुणतुणे आणि खडा आवाज, एवढेच भांडवल. पुढे वामनदादा कर्डक, श्रावण यशवंते, प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांची गाणी आणि कव्वाल्या वस्तीवस्तीत पोचल्या.

गाणे लोकांना जागे करते, हे सरकारलाही ठाऊक होते. इंग्रजांनी १८७६ साली नाट्यप्रयोगांवर बंदी घालण्याचा कायदा केला. तो थेट २०१८ साली रद्द झाला! स्वातंत्र्यानंतर मोरारजी देसाई मुंबई राज्याचे गृहमंत्री असताना तमाशावर बंदी आली. अण्णा भाऊ साठे, अमर शेख, गवाणकर यांच्या लाल बावटा कलापथकालाही तिची झळ बसली. तेव्हा अण्णा भाऊंनी 'लोकनाट्य' हे नाव पुढे केले आणि काम चालू ठेवले. पुढे १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्याने सार्वजनिक जागी वाद्य वाजविण्यावर नियम करण्याचे अधिकार दिले. मंडप घालायचा म्हटले की पोलीस ठाण्यात अर्ज आलाच.

आता आपल्या भागाकडे वळू. दौंड म्हणजे रेल्वेचे जंक्शन, तिथे पाळीची नोकरी. शिरूरकडे शेतमजुरी, पुढे रांजणगावची एमआयडीसी. माणूस कामावरून येणार, भाकरी खाणार, मग गायन पार्टीपुढे बसणार. म्हणून आपला कार्यक्रम रात्री रंगायचा. दोन पार्ट्यांचा सामना लागला की सवाल-जवाब पहाटेपर्यंत चालायचे. बायाबापड्या पोरं मांडीवर घेऊन ऐकायच्या. निरक्षर माणसाला महाडचे तळे आणि नागपूरची दीक्षा तिथेच पाठ झाली.

सन २००० मध्ये केंद्राचे ध्वनिप्रदूषण नियम आले. लाऊडस्पीकरला लेखी परवानगी, आणि रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर बंद. वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस राज्य सरकार १२ पर्यंत सूट देऊ शकते. २००५ साली सर्वोच्च न्यायालयानेही हे कायम केले. आजारी माणसाला, परीक्षेच्या पोरांना झोप हवी, हे आम्हाला मान्यच आहे. पण या घड्याळात रातभरची कव्वाली बसेना. पार्ट्यांच्या सुपाऱ्या कमी झाल्या आणि मिरवणुकीत डीजे शिरला. तोही त्याच नियमाखाली येतो, पण दोन तासांत दणका उडवून मोकळा होतो. त्यात शब्द ऐकू येत नाहीत, मग विचार कुठून येणार?

नियमाने रात्र घेतली, गाणे घेतलेले नाही. त्याच नियमात बंदिस्त सभागृहाला, आवाज आतल्या आत राहील अशा बेताने, मोकळीक आहे. आणि आपला जलसा तर कर्ण्याच्या आधीचा! तेव्हा दर पौर्णिमेला वंदनेनंतर विहारातच पेटी-ढोलकी घेऊन बसू. म्हाताऱ्यांनी चाली सांगाव्यात, पोरापोरींनी त्या वहीत उतरवाव्यात. जयंतीचा अर्जही वेळेवर, वेळ आणि जागा नीट लिहून द्यावा.

एवढे झाले तरी पुढच्या पिढीच्या तोंडी भीमगीत राहील.

नमो बुद्धाय! जय भीम!