आगबोटीचे टपाल

मराठी मासिकांतील पुस्तकांच्या जुन्या जाहिराती चाळल्या, तर किमतीच्या आकड्यापुढे ‘टपालहशील निराळे’ हे दोन शब्द वारंवार आढळतात. दिसावयास ते क्षुल्लक. पण लहान विक्रेत्याच्या धंद्याचे मर्म त्यांत साठविलेले आहे. ग्रंथाची किंमत विक्रेता ठरवितो. तो ग्रंथ ग्राहकाच्या हाती पडेपर्यंतचा खर्च मात्र टपालखाते ठरविते. हा दुसरा आकडा पहिल्याहून फार मोठा झाला, की विक्री खुंटते. गावातल्या गावात ही गोष्ट जाणवत नाही. माल समुद्रापलीकडे धाडावयाचा असला म्हणजे ती पदोपदी जाणवते. १४ मे २००७ रोजी अमेरिकेच्या टपालखात्याने परदेशी जाणारे आगबोटीचे टपाल बंद केले, तेव्हा त्या देशातील लहान विक्रेत्यांना हाच अनुभव आला. त्या घटनेचा अर्थ नीट ध्यानात येण्यासाठी, ही स्वस्त वाट मुळात कशी निर्माण झाली हे आधी पाहिले पाहिजे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत परदेशी टपाल म्हणजे एक गुंताडाच होता. प्रत्येक राष्ट्राने दुसऱ्या राष्ट्राशी स्वतंत्र करार केलेला असे. पत्र कोणत्या मार्गाने जाणार, कोणाच्या बोटीने जाणार, वाटेत किती राज्ये लागणार, ह्यांवर त्याचे हशील अवलंबून राही. आणि एकाच गावाला धाडलेल्या दोन पत्रांना दोन निराळे दर पडत. एलिहू बरिट ह्या अमेरिकन लोहारवृत्तीच्या विद्वानाने १८४० नंतरच्या दशकात महासागरापार एक पेनीत पत्र जावे म्हणून चळवळ केली. अमेरिकेचे पोस्टमास्टर जनरल माँटगोमेरी ब्लेअर ह्यांच्या पुढाकाराने १८६३ साली पॅरिस येथे पंधरा देशांच्या प्रतिनिधींची परिषद भरली. अखेर हाइन्रिख फोन श्टेफान ह्या जर्मन टपालप्रमुखाच्या प्रयत्नांना यश येऊन ९ ऑक्टोबर १८७४ रोजी स्वित्झर्लंडमधील बर्न येथे बावीस देशांनी एका तहावर सह्या केल्या. चार वर्षांनी ह्या संघाला ‘जागतिक टपाल संघ’ हे नाव मिळाले. हिंदुस्थान त्यात १ जुलै १८७६ पासून सामील झाला.

ह्या तहातील मुख्य कल्पना मोठी धाडसाची होती. टपालापुरते सर्व सदस्य देश मिळून एकच प्रदेश मानावयाचा. कोणीही कोणाचे टपाल वाटेत अडवावयाचे नाही. आणि ज्या देशात तिकीट लावले त्याने त्याचे पैसे स्वतःकडे ठेवावयाचे. पत्र पोचते करणाऱ्या देशाला त्या कामाचा मोबदला द्यावयाचा नाही, कारण एका पत्राला एक उत्तर येतेच, तेव्हा देणे-घेणे आपोआप फिटते, अशी समजूत होती. ही समजूत पत्रांच्या बाबतीत बऱ्याच अंशी खरी होती. वस्तूंच्या बाबतीत ती खरी ठरणार नव्हती. पण हा दोष उघड व्हावयास पुढे शंभर वर्षे जावयाची होती.

पत्रांमागून पार्सले आली. १८८० साली पॅरिस येथे पार्सलांचा आंतरराष्ट्रीय करार झाला, तेव्हा खुद्द इंग्लंडात टपालाने पार्सल धाडण्याची सोय नव्हती. ती १ ऑगस्ट १८८३ रोजी सुरू झाली, आणि तोवर ‘पत्रवाहक’ म्हणून ओळखला जाणारा शिपाई त्या वर्षापासून ‘पोस्टमन’ झाला; कारण आता तो केवळ पत्रे वाहत नव्हता. अमेरिकेत तर मालवाहतुकीच्या खासगी कंपन्यांचा विरोध मोडून काढून देशांतर्गत पार्सल टपाल सुरू व्हावयास १ जानेवारी १९१३ हा दिवस उजाडावा लागला. सरकारी टपाल स्वस्तात माल वाहू लागले, तर त्याचा तोटा कोण सोसणार, हा वाद तेव्हापासूनचाच आहे.

पश्चिम हिंदुस्थानात ह्या सागरी टपालाचे द्वार म्हणजे मुंबई. १८६९ साली सुएझचा कालवा खुला झाल्यावर विलायतेची वाट आखूड झाली, आणि दर आठवड्याला येणारी टपालाची बोट हा मुंबईच्या व्यापाराच्या व राज्यकारभाराच्या वेळापत्रकाचा कणा बनला. पुढील काळात बॅलार्ड पिअरच्या धक्क्याशी बोट लागली, की टपालाच्या थैल्या तेथूनच आगगाडीत चढत आणि उत्तरेकडे व पूर्वेकडे रवाना होत. श्रीमंत सयाजीराव गायकवाड महाराजांनी १९१० साली विल्यम बॉर्डन ह्या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्यास पाचारण करून राज्यभर ग्रंथालयांचे जाळे विणावयास आरंभ केला. त्या काळी इंग्लंड-अमेरिकेत छापलेल्या कोणत्याही ग्रंथाला हिंदुस्थानात येण्यासाठी सागराखेरीज दुसरी वाटच नव्हती. सावकाश येणे ही तेव्हा कमीपणाची गोष्ट नव्हती. ती सर्वांचीच गती होती.

ही समानता विमानाने मोडली. १८ फेब्रुवारी १९११ रोजी अलाहाबादहून नैनीपर्यंत आंरी पेके ह्या फ्रेंच वैमानिकाने सुमारे साडेसहा हजार पत्रे नेली, आणि सरकारी मान्यतेचे पहिले विमानी टपाल म्हणून त्या उड्डाणाची नोंद झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर परदेशी पत्रे झपाट्याने विमानाकडे वळली. उतारूंच्या मोठ्या बोटी हळूहळू नाहीशा झाल्या. १९५६ साली माल्कम मॅक्लीन ह्यांनी अमेरिकेत लोखंडी पेट्यांतून, म्हणजे कंटेनरमधून, बोटीने माल नेण्यास प्रारंभ केला; पुढे टपालाच्या थैल्याही अशाच पेट्यांतून जाऊ लागल्या. आता आगबोटीच्या वाट्याला उरले ते जड आणि ज्याची घाई नाही असे टपाल. त्याची रीत साधी होती. एका देशाकडे जाणाऱ्या थैल्या पेटी भरेपर्यंत साठवावयाच्या, मग सुटणाऱ्या बोटीची वाट पाहावयाची, पलीकडे जकातीची तपासणी उरकावयाची. ह्यात महिना-दीड महिना सहज जाई. कधी तीन महिनेही लागत. पैसा वाचवावयाचा, तर वेळ खर्चावा लागे. गरजवंताला हा सौदा मान्य होता.

अमेरिकेतील ‘एम-बॅग’ ही ह्या सौद्याची उत्तम निशाणी होती. केवळ छापील मजकूर भरलेली, एकाच पत्त्यावर जाणारी ही थैली ६६ पौंडांपर्यंत जड असू शके. परदेशात शिकून घरी परतणारे विद्यार्थी आपली पुस्तके तीतून धाडीत; आफ्रिकेतील शाळांना ग्रंथ पुरविणाऱ्या संस्थांचीही भिस्त तीवर असे.

१९९५ साली ह्या जुन्या वाटेला एक अनपेक्षित प्रवासी लाभला. त्या वर्षी अमेरिकेत ‘ॲमेझॉन’ने संगणकाच्या जाळ्यावरून पुस्तकविक्री सुरू केली, आणि त्याच वर्षी पिएर ओमिड्यार ह्यांनी पुढे ‘ईबे’ म्हणून प्रसिद्धीस आलेला लिलावाचा बाजार उघडला. तोवर जुन्या पुस्तकांचा दुकानदार आपल्या शहरापुरता व्यापार करी. आता आडगावातील माणसालाही जपानातील किंवा ऑस्ट्रेलियातील ग्राहक मिळू लागला. मागणी क्षणार्धात समुद्र ओलांडून येई. माल मात्र पूर्वीच्याच संथ वाटेने जाई. पाच-दहा डॉलरांच्या जाडजूड ग्रंथाला विमानाचे हशील परवडणारे नव्हते. विक्रीचे अगदी नवे साधन अशा रीतीने पोचवणीच्या अगदी जुन्या साधनावर विसंबून राहिले.

मे २००७ मध्ये ती वाट बंद झाली. टपालखात्याची बाजू अगदीच निराधार नव्हती. सागरी टपालाचे प्रमाण पुष्कळ घटले होते, आणि थोड्या थैल्यांसाठी साठवणुकीची व बोटींची निराळी व्यवस्था राखणे महाग पडत होते. चार पौंडांपर्यंतच्या लहान पुडक्यांसाठी विमानाचा त्यातल्या त्यात स्वस्त वर्ग राहिला. एका वेळी किमान ५० पौंड माल धाडणाऱ्या घाऊक ग्राहकांसाठीही सवलतीची सोय राहिली. एम-बॅगही राहिली, पण विमानाची व विमानाच्या दराची. मध्येच सापडला तो एकेकटे जड पार्सल धाडणारा. त्याच्यासाठी सेवा अधिक वेगवान झाली खरी. परंतु तो वेग त्याने मागितला नव्हता, आणि त्याचे मोल देण्याची त्याच्या ग्राहकाची ऐपत नव्हती.

तथापि स्वस्त टपालाला दुसरी बाजूही आहे. पत्राला उत्तर येते, तशी विकलेल्या वस्तूची परतफेड टपालाने होत नाही. ज्या देशात पुडकी अधिक येतात, त्याच्या पोस्टमनवर भार पडतो. म्हणून १९६९ साली तोकियो येथील परिषदेत, पोचवणी करणाऱ्या देशाला मोबदला द्यावा, असे ठरले. ह्या मोबदल्याचे दर विकसनशील देशांसाठी कमी होते. पुढे चीनमधून लहान पुडक्यांचा लोंढा सुरू झाल्यावर विलक्षण स्थिती उद्भवली. चीनहून अमेरिकेस पुडके धाडणे अमेरिकेतील विक्रेत्याला शेजारच्या राज्यात पुडके धाडण्याहून स्वस्त पडू लागले. ऑक्टोबर २०१८ मध्ये अमेरिकेने टपाल संघ सोडण्याची नोटीस दिली. सप्टेंबर २०१९ मध्ये जिनीव्हा येथे भरलेल्या खास परिषदेत, देशांना स्वतःचे दर टप्प्याटप्प्याने ठरवू देण्याची तडजोड झाली, आणि संघ फुटता फुटता वाचला.

ह्या दोन घटना एकत्र पाहिल्या म्हणजे एक गोष्ट स्पष्ट होते. टपालाचा स्वस्तपणा अंतरावर किंवा यंत्रावर अवलंबून नसतो. भार कोणी उचलावयाचा, ह्याविषयी माणसांनी केलेल्या करारावर तो अवलंबून असतो. अमेरिकेतील पुस्तकविक्रेत्याची वाट बंद झाली आणि चीनमधील विक्रेत्याची वाट रुंद झाली, ही दोन्ही कामे निर्णयांनीच झाली.

संथ मार्गाचे मोल २०२० साली पुन्हा एकदा प्रत्ययास आले. साथीमुळे विमाने जमिनीवर खिळली, तेव्हा एप्रिलमध्ये जपानच्या टपालखात्याला अमेरिकेकडे जाणारे विमानी टपाल स्वीकारणे थांबवावे लागले. परंतु जपानने आगबोटीचे टपाल मोडीत काढलेले नव्हते, म्हणून पार्सलांना निदान ती एक वाट उरली. वापर कमी झाला म्हणून मोडून टाकलेली व्यवस्था अडचणीच्या वेळी एका दिवसात उभी करता येत नाही. बर्नच्या तहाने लहानातल्या लहान माणसाला साऱ्या जगाचा पत्ता मिळवून दिला होता. तो पत्ता आजही कायम आहे. मात्र तेथवर जड वस्तू धाडण्याचे सामर्थ्य कोणाच्या हाती राहावे, हा प्रश्न प्रत्येक टपालखात्याच्या दरपत्रकात दरवर्षी नव्याने सुटत असतो, आणि बहुधा तो मूकपणेच सुटतो.