नोंदीपुरती तडजोड

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेक विद्यापीठात १६ एप्रिल २००७ रोजी एका विद्यार्थ्याने ३२ जणांचा जीव घेतला. त्याची दोन्ही पिस्तुले रीतसर तपासणी होऊन विकली गेली होती. खरे तर १९६८च्या कायद्यानुसार ती त्याला मिळायलाच नको होती. डिसेंबर २००५मध्ये व्हर्जिनियातल्या एका न्यायाधिकाऱ्याने, मानसिक आजारामुळे त्याच्या स्वतःच्याच जिवाला धोका असल्याचे नमूद करून बाह्यरुग्ण उपचारांचा आदेश दिला होता. पण राज्य केंद्रीय तपासणी यादीसाठी फक्त रुग्णालयात सक्तीने भरती केलेल्यांची नावे कळवत असे. आदेश फायलीत राहिला, संगणकाने हिरवा कंदील दिला. बंदी होती, नोंद नव्हती. राज्यांवर सक्ती करणेही वॉशिंग्टनच्या हाती नव्हते. तपासणीचे काम स्थानिक अधिकाऱ्यांवर लादता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९७मध्येच बजावले होते. उरला मार्ग पैशाचा: नोंदी पाठवा, अनुदान घ्या.

तसे विधेयक २००२मध्येच प्रतिनिधीगृहात मंजूर होऊन सिनेटमध्ये अडकले होते. ते रेटणाऱ्या खासदार कॅरोलिन मॅकार्थी यांचे पती १९९३मध्ये लाँग आयलंडच्या रेल्वेगाडीतल्या गोळीबारात गेले होते. २००७मध्ये त्यांना साथ मिळाली जॉन डिंगेल यांची. डिंगेल पक्षाने डेमोक्रॅट, पण नॅशनल रायफल असोसिएशन या बंदूकसमर्थक संघटनेच्या आतल्या गोटातले. संघटना राजी झाली ती फुकट नाही. बंदी आलेल्या माणसाला बरे झाल्यावर आपला हक्क परत मागता यावा, अशी सोय राज्यांनी केल्याशिवाय अनुदान नाही, ही अट कायद्यात आली. जानेवारी २००८मध्ये अध्यक्ष बुश यांनी सही केली. बंदुकांबद्दल कोणालाच काही नवे कबूल करावे लागले नाही, म्हणूनच हे जमले. बंदूकवाल्यांना ‘दोष शस्त्राचा नाही, माणसाचा’ हे म्हणणे कागदावर मिळाले आणि नियंत्रणवाद्यांना तपासणीची यंत्रणा बळकट करून मिळाली. मनोरुग्णांच्या नोंदी काही लाखांवरून दशकभरात चाळीस लाखांच्या पुढे गेल्या. एकमेकांचे हेतू न पटताही कायदा होऊ शकतो, आणि या प्रश्नात तो बहुधा असाच होतो.

यावर सर्वांत सबळ आक्षेप मानसोपचार क्षेत्रातून येतो. मानसिक आजार पुरता नाहीसा झाला, तरी हिंसा चारेक टक्क्यांनीच घटेल असा अभ्यासकांचा अंदाज आहे; मग दोन पक्षांच्या तडजोडीची किंमत ज्यांच्यामागे मतपेढी नाही त्या रुग्णांनी का चुकवावी? नाव यादीत जाईल या धास्तीने माणसाने डॉक्टरकडे जायचेच टाळले तर? आक्षेप रास्त आहे. हत्याकांडे रोखायची म्हणून मनोरुग्णांकडे बोट दाखवणे ही लबाडीच आहे. मात्र अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात. २०२२मध्ये सुमारे ४८ हजारांपैकी २७ हजार. मानसिक आरोग्य आणि बंदूक यांची खरी गाठ तिथे आहे. व्हर्जिनियातला तो आदेशही स्वतःच्या जिवाला असलेल्या धोक्याबद्दलच होता, हे सहज विसरले जाते.

दुसरा आक्षेप, अशा तडजोडी दात नसलेल्या असतात. पण दात असलेल्यांचे काय होते ते पाहा. सँडी हुकच्या शाळेत २० मुले मारली गेल्यावर तपासणीची व्याप्ती वाढवणारे विधेयक एप्रिल २०१३मध्ये ५४ मते मिळूनही पडले, कारण ६० लागत होती. तिथे तर थेट बंदूकविक्रीला हात घालायचा होता. युवाल्डीतल्या शाळेतील गोळीबारानंतर मात्र जून २०२२चा कायदा ६५ विरुद्ध ३३ मतांनी सिनेटमधून निघाला, तो मानसिक आरोग्य केंद्रांना आणि शाळांना मोठा निधी देत. त्या निधीच्या आडोशाने एक जुनी गोष्टही परतली. १९९३च्या ब्रेडी कायद्यातली बंदूकविक्रीआधीची पाच दिवसांची प्रतीक्षा, झटपट संगणकीय तपासणी येताच संपेल या बोलीवर घातली होती आणि १९९८मध्ये ती संपलीही. आता २१ वर्षांखालच्या ग्राहकाच्या अल्पवयातल्या नोंदींत शंकास्पद काही दिसले, तर विक्री कामकाजाच्या दहा दिवसांपर्यंत थांबवता येते.