महाकाय पांडाची उत्क्रांती व अनुकूलन

महाकाय पांडा (शास्त्रीय नाव: ऐल्युरोपोडा मेलानोल्यूका) हा चीनमधील सिच्वान, शान्शी व कान्सू प्रांतांतील पर्वतीय बांबूवनांत आढळणारा अस्वल कुळातील सस्तन प्राणी आहे. मांसाहारी गणात समावेश असूनही त्याचा जवळजवळ सर्व आहार बांबूचा असतो.

उत्क्रांती

फ्रेंच धर्मप्रसारक आर्मां दाव्हिद यांनी १८६९ मध्ये या प्राण्याची पाश्चात्त्य शास्त्रज्ञांना ओळख करून दिली. तो अस्वल कुळातील की रॅकून कुळातील, हा वाद पुढे शतकभर चालला. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रेण्वीय अभ्यासाने त्याचे अस्वलांशी असलेले नाते स्पष्ट केले. युन्नान प्रांतात सापडलेल्या ऐल्युरार्क्टोस या सुमारे ६० ते ७० लाख वर्षांपूर्वीच्या पूर्वजाच्या जीवाश्मांत मनगटाचे वाढलेले हाड दिसते. यावरून बांबूभक्षणाची सवय बरीच प्राचीन असावी, असे मानले जाते.

आहाराशी अनुकूलन

मनगटाचे हे हाड अंगठ्याप्रमाणे काम करते. त्याच्या साहाय्याने पांडा बांबू घट्ट धरतो. रुंद दाढा व जबड्याचे बळकट स्नायू कठीण खोड चावण्यास उपयोगी पडतात. मांसाची चव ओळखण्यास आवश्यक असलेले एक जनुकही त्याच्यात निष्क्रिय झाले आहे.

पचनसंस्था मात्र मांसाहारी प्राण्यांसारखीच राहिली आहे. गाय किंवा हरणाप्रमाणे अनेक कप्प्यांचे जठर नसल्याने आणि आतडे आखूड असल्याने खाल्लेल्या बांबूचा एक पंचमांशाहूनही कमी भाग पचतो. ही उणीव भरून काढण्यासाठी पांडा दिवसाचे १० ते १४ तास खाण्यात घालवतो आणि उरलेला बराच वेळ विश्रांती घेतो. त्याचा ऊर्जाव्यय समान वजनाच्या इतर सस्तन प्राण्यांपेक्षा बराच कमी असतो. पुरेशी चरबी साठवता येत नसल्याने तो शीतनिद्रा घेत नाही. ऋतूनुसार डोंगरउतारावर वर-खाली स्थलांतर करून कोवळे कोंब व पाने मिळवतो.

अधिवास व संवर्धन

बांबूच्या अनेक जाती कित्येक दशकांनी एकाच वेळी फुलतात व नंतर मरतात. पूर्वी अशा वेळी पांडा दुसऱ्या जातीचा बांबू असलेल्या भागात जात. शेती, रस्ते व वृक्षतोडीमुळे वने तुटक झाल्याने हा मार्ग कठीण झाला आहे. त्यामुळे विखुरलेली वने जोडणारे संचारमार्ग संवर्धनात महत्त्वाचे ठरतात. २०११ ते २०१४ दरम्यानच्या राष्ट्रीय गणनेत १,८६४ वन्य पांडांची नोंद झाली. २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने त्याची वर्गवारी ‘संकटग्रस्त’वरून ‘असुरक्षित’ अशी बदलली.