मोजा, जंघा आणि मत्कुण
(पायांच्या आवरणांचे जुने शब्द)

आम्ही शाळेत इतिहास शिकवीत असताना एका विद्यार्थ्याने विचारले होते, “गुरुजी, इंग्रज येण्यापूर्वी आपल्या देशात बूट नव्हते काय?” ‘बूट’ हा शब्द इंग्रजी, तेव्हा वस्तूही त्यांचीच, असे मानून आम्ही “नव्हते” असे सांगून मोकळे झालो. सेवानिवृत्तीनंतर जुने कोश चाळण्यास सवड मिळाली आणि ते उत्तर साफ चुकीचे होते, असे ध्यानी आले. त्या चुकीची दुरुस्ती करावी, एवढ्याच हेतूने हा अल्पसा लेख ज्ञातिबांधवांच्या सेवेस सादर करीत आहोत.

प्रथम डोळ्यांना दिसणारा पुरावा पाहू. मथुरेच्या संग्रहालयात सम्राट कनिष्काचा शिर नसलेला पुतळा आहे. त्याच्या अंगात लांब अंगरखा असून पायांत जड बूट आहेत. पुढे 6व्या शतकात वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त सूर्यमूर्तीचे लक्षण सांगताना तिला उत्तरेकडील लोकांचा वेष द्यावा आणि पायांपासून छातीपर्यंत अंग झाकलेले असावे, असे म्हटले आहे. म्हणूनच उत्तर हिंदुस्थानातील प्राचीन सूर्यमूर्तींच्या पायांत उंच बूट आढळतात; दक्षिणेकडील मूर्ती मात्र बहुधा अनवाणी असतात.

वस्तू होती, तसे तिला शब्दही होते. आपली नित्याची ‘वहाण’ म्हणजे संस्कृत ‘उपानह्’, आणि खेड्यापाड्यांतील ‘पायतण’ म्हणजे ‘पादत्राण’ होय. पायाच्या मापाबरहुकूम केलेल्या वहाणेस अमरकोशात ‘अनुपदीना’ असे स्वतंत्र नाव आहे. जैन साधूंच्या आचारनियमांची चर्चा करणाऱ्या बृहत्कल्पभाष्यात तर पादत्राणांचे अनेक प्रकार सांगितले आहेत. त्यांत अर्धी नडगी झाकणारी ती ‘अर्धजंघा’ आणि पूर्ण नडगी झाकणारी ती ‘जंघा’. संस्कृतात जंघा म्हणजे गुडघ्याखालचा पाय. आपल्या मराठीत ‘जांघ’ हा शब्द गुडघ्याच्या वर सरकला, ही गंमत वाचकांनी लक्षात घ्यावी.

7व्या शतकात बाणभट्टाने ‘हर्षचरिता’त राजेलोकांच्या पोशाखाचे वर्णन करताना स्वस्थान, पिंगा आणि सतुला अशी पायांत घालावयाच्या वस्त्रांची तीन नावे दिली आहेत. डॉ. वासुदेवशरण अग्रवाल यांनी त्यांची फोड करून हे विजारीचेच निरनिराळे प्रकार असल्याचे दाखविले आहे. तेव्हा शिवलेली विजारही आपल्याकडे मुसलमानी अमलापूर्वीची ठरते. ‘विजार’ हा शब्द तेवढा फारसीतून मागाहून आला.

आता चिलखताकडे वळू. 12व्या शतकात गुजरातेत आचार्य हेमचंद्रांनी ‘अभिधानचिंतामणि’ हा कोश रचला. त्यात पोटाच्या, बाहूंच्या आणि नडगीच्या संरक्षक आवरणांस वेगवेगळी नावे आहेत. नडगीच्या चिलखतास ते ‘मत्कुण’ म्हणतात. मत्कुण म्हणजे ढेकूणही! रणांगणावर वीराच्या पायाचे रक्षण करणाऱ्या वस्तूस आणि खाटेतील त्या रक्तपिपासू जीवास एकच नाव असावे, हा भाषेचा विनोदच म्हणावयाचा.

मोगल काळी या वस्तूचे नाव पालटले. अबुल फज्लने ‘आईने अकबरी’त शस्त्रागाराची यादी दिली आहे, तीत ‘मोजा-ए-आहनी’, म्हणजे लोखंडी मोजा, आहे. फारसीत ‘मोजा’ म्हणजे मुळात बूट. तोच शब्द मराठीत आला आणि बुटाच्या आत घालावयाच्या मऊ वस्त्रास लागला. शिवछत्रपतींच्या काळी ‘राज्यव्यवहारकोशा’त फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द योजण्याचा मोठा उद्योग झाला, तथापि मोजा, विजार, पायजमा हे घरगुती शब्द लोकांच्या जिभेवर राहिले ते राहिलेच.

तात्पर्य, शब्द परका म्हणून वस्तू परकी, हे अनुमान खोटे आहे; आणि शब्द जुना म्हणून त्याचा अर्थही जुनाच, हेही तितकेच खोटे.

आणखी एक गोष्ट मनास बोचते. भरताने रामाच्या पादुका सिंहासनावर ठेविल्या, संतांच्या पादुका आपण पालखीत मिरवितो. आणि “पायातली वहाण पायातच बरी” ही म्हणही आपलीच. कोशकारांनी वहाणेची इतकी नावे जपली, पण ती शिवणाऱ्या कारागिराचे नाव कोणी जपले नाही. उलट त्यास आपण शतकानुशतके दाराबाहेर उभे केले. आमच्या उत्तरातील चुकीपेक्षा ही समाजाची चूक फार मोठी आहे.

तो विद्यार्थी आज कोठे आहे, ते आम्हांस ठाऊक नाही. हा अंक त्याच्या हाती पडला, तर त्याने जुन्या गुरुजींस क्षमा करावी. आणि आपल्या घरांतील वृद्धांच्या तोंडी चोळणा, मांडचोळणा, पायतण असे जे शब्द अद्याप उरले असतील, ते मुलांनी वहीत उतरून ठेवावेत, अशी सर्वांस नम्र विनंती आहे.